पडापडी

तात्या, तुमची पडापडी आता मोबाईलवर आलीय. टीव्हीवर तुम्ही बघायचा तीच. जपानची माणसं हेल्मेट घालून पळायची, फिरत्या ओंडक्यावर चढायची, दारांना धडकायची आणि गढूळ पाण्यात पडायची, त्याच कार्यक्रमावरनं कुणीतरी खेळ काढलाय. आता माणसं नाहीत, रबरी बाहुल्यांसारखी बुटकी पात्रं आहेत. एका वेळी चाळीस जण सुटतात, कुठकुठल्या गावचे, आणि आपण अंगठ्यानं आपलं पात्र पळवायचं. मी रविवारी जेवण झालं की खेळतो. हल्ली मी गुजरातच्या टोकाला एका बंदरावर आहे, गोदामात फोर्कलिफ्ट चालवतो. त्याआधी भिगवणला हॉटेलात होतो, मग चाकणला, मग हैदराबादला. तुम्ही असता तर म्हणाला असता, "तुजा पाय एका जागी ठरत न्हाय." इथं सात महिने झालेत. पण हे लिहायचं कारण पाय नाही, गुडघा आहे. तुमचा.

मेंढरं विकली त्या साली घरात टीव्ही आला. दोन मेंढ्या आणि त्यांची कोकरं तेवढी ठेवली, बाकी कळप गेला, आणि तुम्ही लोणी देवकरला एका कंपनीत पोती चढवायला जायला लागला. संध्याकाळी आला की पाय धुऊन भिंतीला टेकून बसायचा. मी चॅनल लावतो. हिंदीत बोलणारा तो माणूस पडणाऱ्यांची मस्करी करतो, तुम्हाला त्यातलं निम्मं कळत नाही, तुम्ही नुसते पाय बघताय. "ह्यो पडला बघ," तुम्ही म्हणता, आणि गडी अजून ओंडक्यावर चढलेला पण नसतो. मग पडतोच. आई चुलीपुढनं विचारायची, "एवढी चिखलाची कापडं धुतंय कोण रं त्यांची?" तुम्ही म्हणायचा, "तुलाच बोलवणार हायती." एकदा मी विचारलं, तुम्हाला आधी कसं कळतं? तुम्ही म्हणाला, "पाय टाकायच्या टायमाला ज्यो माणसांकडं बघतोय, त्यो पडतोय. मेंढराचं तसं न्हाय. मेंढरू फकस्त पुढच्याचा पाय बघतंय." दारांच्या खेळात काही दारं कागदाची असायची, काही खरी लाकडाची. तिथं तुम्ही चिडायचा. "आरं थांब की येड्या. आदी दुसऱ्याला धडकू दे."

तुमचं ते 'दुसऱ्याला धडकू दे' इथं फार उपयोगी पडतं. चाळीस पात्रं सुटली की निव्वळ कळपच असतो, अरुंद वाटेला घातलेला. सगळे दारांवर तुटून पडतात. मी मागं उभा राहतो, कुठलं दार फुटलं ते बघतो आणि निवांत जातो. खोलीत आम्ही चौघं. त्यातला बिहारचा एक ओरडतो, "अरे पुणेवाले, भाग! सो गया क्या?" त्याला सांगून सांगून दमलो की पुणं आमच्यापासनं तीन तास लांब आहे. ओडिशाचा दुसरा म्हणतो, "ये बकरी चराने आया है." तो काय बोलून गेला ते त्याला माहीत नाही. मी बहुतेक वेळा शेवटच्या पाच-सहात असतो. पडलो तरी काही होत नाही. पाण्यात पडलं की पात्र लगेच मागच्या झेंड्यापाशी कोरडंठाक उभं असतं. ह्या खेळात कुणाला गुडघाच नसतो, तात्या. आणि एक, मी आवाज बंद ठेवून खेळतो. खोलीतले विचारतात, स्पीकर गेलाय का. मी हो म्हणतो.

चारीवरचा खांब तुम्हाला आठवत असेल. लाइटचा जुना सिमेंटचा खांब, आपल्या रानात जायला आडवा टाकलेला. कॅनॉलला पाणी सुटलं होतं, चारी काठोकाठ वाहत होती. मी नऊ-दहा वर्षांचा, शाळेतली चार पोरं घेऊन काठावर बसलोय. तुम्ही पलीकडनं येताय, काखेत कोकरू. त्या खांबावर तुम्हाला कधी खाली बघायला लागलं नाही, चालता चालता बिडी पेटवलेली मी बघितलीय. मी उठलो, मूठ तोंडापुढं धरली आणि त्या टीव्हीवाल्याच्या आवाजात सुरू केलं, "और अब आ रहे हैं शेळगाव के पहलवान! साथ में है उनकी बकरी! क्या ये पार कर पाएंगे?" पोरं लोळायला लागली. मला तो आवाज हुबेहूब जमायचा. खांबाच्या मध्यावर तुम्ही मान वर केली आणि माझ्याकडं बघितलं. रागानं बघितलं नाही. मला वाटतं तुम्ही हसणार होता. तेवढ्यात पाय गेला.

पाणी कमरेएवढंच होतं, बुडायचं भय नव्हतं, पण खाली जाताना गुडघा खांबाच्या कडेवर आपटला, तो आवाज काठापर्यंत आला. तुम्ही कोकरू डोक्यावर धरून उभा राहिला. त्याच्या खुरांना पण पाणी लागलं नव्हतं. पोरं हसली. मी सगळ्यात जास्त हसलो, आणि हसता हसता माझं चालूच होतं, "और ये गए पानी में!" तुम्ही काठाला आला, कोकरू माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, "झालं का बोलून?" बास, एवढंच. त्याच्यावर एक शब्द नाही, त्या दिवशी नाही आणि नंतर पण नाही.

घरी आईनं विचारलं, "रोजच्या वाटंवर कसं काय पडला वो?" "शेवाळ हाय खांबावर," तुम्ही म्हणाला, माझ्याकडं न बघता. शेजाऱ्यांना तेच सांगितलं, बारामतीच्या डॉक्टरला तेच. गुडघ्याला पट्टा बसला. पाठीवर पोतं घेऊन फळीवर चढणं होईना, म्हणून लोणी देवकरला जाणं तुम्हीच थांबवलं आणि उरलेल्या मेंढ्यांमागं लंगडत फिरायला लागला. पाच-सहा दिवसांनी मी पडापडी लावली. तुम्ही नको म्हणाला नाही. "आवाज तेवढा बंद कर," म्हणाला, "नुसतं बघू." मग आपण तसंच बघत गेलो. माणसं पडायची, घरात कुणी बोलायचं नाही. "ह्यो पडला बघ" म्हणायचं तुम्ही सोडून दिलं. तुम्ही गेला ते त्यानंतर सहा वर्षांनी, काविळीनं. गुडघ्याचा त्याच्याशी काही संबंध नाही. मी आठवीपर्यंतच शिकलोय, पण एवढं मला कळतं.

हे मी गोदामातल्या रद्दी चलनांच्या पाठीवर लिहितोय. पाठवायचंच म्हटलं तर आईला पाठवायला पाहिजे, आणि तिला वाचता येत नाही, ती शेजारच्या कुणाकडनं तरी मोठ्यानं वाचून घेणार. म्हणजे परत तेच, माझं बोलणं आणि चार माणसं ऐकायला. त्यामुळं हे इथंच पत्र्याच्या पेटीत राहील.

परवा तिचा फोन आला होता. चारीवरचा खांब काढला म्हणाली, नळ्या टाकून रस्ता केलाय, आता ट्रॅक्टर जातोय. "बरं झालं बया. लई शेवाळ धरायचं त्या खांबावर. तुजं तात्या तितंच पडलं."

चैत्र होता, तात्या. सिमेंट इतकं तापलेलं की आम्ही पोरं अनवाणी त्यावरनं उड्या मारत जायचो. शेवाळ कुठलं? फोन आला तेव्हा दुपार होती, खोलीतले तिघं झोपले होते, बोलायला काही अडचण नव्हती.

मग आईच म्हणाली, "आयकतोयस न्हवं?"

"व्हय," मी म्हणालो. "लई शेवाळ होतं."