खुशालची सही

रॉटरडॅम, हॉलंड
१२ मार्च १९८४

ती. धुरपताबाईस,
धाकट्या भावाचा, इश्वरचा शि. सा. न. वि. वि.

हे पत्र हातात पडल्यावर तू आधी रडशील, मग शिव्या देशील. दोन्ही कर, पण शेवटपर्यंत वाच. मुंबईहून मालबोटीवर इंजिनखान्यात लागलो होतो. इथल्या बंदरात उतरलो, तो परत बोटीवर चढलो नाही. इथल्या सरकारकडे आश्रय मागितला आहे.

कारण तुला ठाऊक आहे. तुमसरच्या राइस मिलमध्ये मी आणि खुशाल बॉयलरवर होतो, एका खोलीत राहत होतो, आणि नवराबायको राहतात तसेच राहत होतो. त्याच्या भावांनी आम्हाला कसं मारलं ते तू दवाखान्यात डोळ्यांनी पाहिलंस. रपट लिहायला ठाण्यावर गेलो, तर जमादार म्हणाला, कायद्यात कलम आहे, आत तूच जाशील.

इथे अशा माणसालाही आश्रय मिळू शकतो. पण पुरावा मागतात. माझ्या वकीलबाई म्हणतात, घरच्या कोणी पाहिलेलं लिहून द्यावं. घरात लिहिणारी तूच. भाऊजींना नमस्कार. माया आहे तेवढी राहू दे.
तुझा इश्वर

शहापूर
५ एप्रिल १९८४

चि. इश्वरास,
बाईचे अ. उ. आशीर्वाद.

तू जिता आहेस हे वाचून देवापुढं दिवा लावला. बाकीचं वाचून पत्र तांदळाच्या कोठीत लपवलं. तिथं म्हने बर्फ पडते. तू तर पोषात आंघोळीच्या भेवानं पळून जात होता!

बाबा गावभर सांगून राहिले का पोरगा मोठ्या कंपनीत आहे. तुह्यासाठी पोरगी पाहून ठेवली आहे. तू ये. लगन झालं का सारं सुरळीत होते. खुशालचं नाही का झालं? त्याची बायको गिरजाबाई गुणाची आहे. अन् तुहे भाऊजी ग्रामपंचायतीत आहेत. असल्या कागदावर माही सही गावाले समजली तर त्यायनं तोंड कुठं दाखवावं? हे मले मागू नको, बाप्पा.

जिवाले जप. रागावू नको.
तुही बाई

रॉटरडॅम
२८ एप्रिल १९८४

ती. बाईस शि. सा. न. वि. वि.

लग्न झालं की माझं सुरळीत होईल म्हणतेस. त्या पोरीचं काय होईल ते लिहिलं नाहीस.

माझा अर्ज नाकारला. साहेब म्हणाले, गुपचूप राहिलास तर तुला तिथे कोण हात लावतो? आता कोर्टात शेवटची सुनावणी आहे. हरलो तर विमानात बसवून देतील. मग मी कोणत्या गावी जाऊ, तूच सांग.

लिहिलंस तर एक सांभाळ. खुशालचं नाव नको. मी इथे ते कोणालाच सांगितलेलं नाही. त्याला तिथेच राहायचं आहे.
तुझाच इश्वर

शहापूर
२० मे १९८४

चि. इश्वरास आशीर्वाद.

आंबागडले खुशालच्या गावी जाऊन आली. खुशालले विचारल्याशिवाय माहा हात चालेना. त्याचे भाऊ तेंदूपत्ता तोडाले जंगलात गेले होते. तो त्या मारानं अधू झालेला पाय ओढत बाहेर आला. तुहं नाव काढलं तसा ओट्यावरच बसला. मी कागदाचं सांगून त्याले म्हटलं, तुहं नाव लिहीत नाही. तो म्हने, बिननावाचं कोन मानंल? माहं नाव लिहा, पायाचं लिहा, सही मीच करतो.

मी घाबरून मागं पाहिलं. गिरजाबाई सूप घेऊन दारात उभी. सारं ऐकलं होतं तिनं. म्हने, करू द्या सही. एक तरी सुटंल.

तुह्या भाऊजीले सांगितलं, तर ते ताटावरून उठून गेले. सकाळी म्हने, साध्या कागदावर चालत नाही, भंडाऱ्याले वकिलाकडं चल. खुशालही तिथं आला. माह्या अन् त्याच्या सह्यांचा कागद सोबत आहे. पोचला का लगेच कळव. जीव टांगला आहे.
तुही बाई

रॉटरडॅम
९ ऑगस्ट १९८४

ती. बाईस शि. सा. न.

राहायची परवानगी मिळाली. न्यायाधीशांनी खुशालच्या सहीवर बोट ठेवून विचारलं, तो माणूस हाच का? मी हो म्हणालो. चारचौघांत मोठ्यानं हो म्हणायची माझी पहिलीच वेळ.

प्रवासासाठी जो कागद दिला आहे, त्यावर लिहिलं आहे की सगळ्या देशांत जाता येईल, भारत सोडून. खुशालला सांग. आईलाही सांग, पण हळू.
तुझा इश्वर

शहापूर
२ सप्टेंबर १९८४

चि. इश्वरास अनेक आशीर्वाद.

खुशालले सांगता आलं नाही. सहीची गोष्ट भंडाऱ्याहून फुटली. त्याचे भाऊ आमच्या दारी आले, तुहे भाऊजी उंबऱ्यावर उभे राहिले अन् त्यायले आत येऊ देलं नाही. त्याच्या आधीच खुशाल अन् गिरजाबाई गाव सोडून गेले. भिलाईकडं गेले म्हनतात. नक्की कोनाले ठाऊक नाही. बाबा म्हनतात, मले पोरगा नाही.

आई मात्र एकटी मोटरीनं आली. मी सारं सांगितलं. तू आता येत नाहीस हेही सांगितलं. तिनं तुहं पत्र हातात घेऊन उलटंपालटं केलं. मग म्हने, त्याले लिही, परमुलखात एकटा राहू नको. कोनी चांगला माणूस भेटला तर त्याले नाही म्हनू नको. अन् मले विचारते, असं पत्रात लिहिता येते का?

मी म्हटलं, येते.
तुही बाई