गादी निरंजनला नाही

मी, रंभाबाई विश्राम ढमाले, वय ७६, राहणार उरवडे, तालुका मुळशी, लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. हे मी कुणाच्या धाकाने लिहीत नाही. धाक मी चाळीस वर्षे लोकांना दाखवला, मला कुणी दाखवला नाही. "आजी, भाषा थोडी मवाळ करू का?" असे वकिलांच्या कारकुनाने विचारले. नको म्हटले. गादी पुतण्याला देणारे माझे आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

१. राहते घर, आणि मी देवऋषीण म्हणून मंगळवार-शुक्रवार जिथे बसत आले ती बाहेरची खोली, माझी मुलगी वैशाली हिला. ती आरोग्य केंद्रात परिचारिका आहे. तिची नर्सिंगची पुस्तके मी एकदा चुलीत घालायला निघाले होते, हे ती विसरलेली नाही. विसरूही नये. खोलीत तिने भाडेकरू ठेवावा नाहीतर शेळ्या बांधाव्यात, पण पुन्हा गादी मांडू नये.

२. पुतण्या निरंजन याला घर नाही, जमीन नाही, गादी नाही. माझ्या हयातीतच त्याने दारावर "गुरुजी" अशी पाटी ठोकली आहे, ती काढून न्यावी. "काकी, ही विद्या शिकायची नसती, अंगात असावी लागती," असे तो मलाच ऐकवतो. मेल्या, तुझ्या अंगात आळसाशिवाय काही नाही.

३. तरीही त्याला लोकांना धागेदोरे बांधायची खुमखुमी असेल, तर आधी अभ्यास करावा. धोत्र्याचे बी किती पोटात गेले की माणूस बरळतो, हे ठाऊक नसेल तर झाडपाल्याला हात लावू नये. बाईच्या अंगात येते म्हणून आणली, तर आधी नवऱ्याला बाहेर काढावे आणि तिच्या पाठीवरचे वळ बघावेत. कायदा वाचावा: साप चावलेल्याला दवाखान्यापासून अडवणे २०१३ पासून गुन्हा आहे. शरीर शिकावे. आणि सगळ्यांच्या आधी साप शिकावेत. पुस्तके वैशालीच्या कपाटात आहेत, ती त्याने न्यावीत. माझ्याकडून त्याला एवढेच.

४. साप का, तेही लिहिते. गेल्या श्रावणात चाळीतली रेश्मा सकाळीच शेजारणीबरोबर आली. तिचा नवरा रत्नदीप तेव्हा कारखान्यात पाळीवर होता. रात्री ती जमिनीवर झोपली होती, आता पोटात कळा येत होत्या आणि पापण्या मिटत होत्या. "हिला बाधा हाय, हलवायचं न्हाई," निरंजन म्हणाला. शेजारीण रिक्षा आणते म्हणाली, तर तिला त्याने दारातून हाकलले. दोन तास त्याने अंगारा लावला, उतारे केले. लिंबे मी कापून दिली. मग दवाखान्यात न्यायला काढले, तर वाटेतच रेश्मा गेली. मण्यार चावते तेव्हा कळतही नाही, पोट दुखते आणि पापण्या खाली येतात, हे मला वैशालीने नंतर सांगितले. अशा पापण्या मी आधीही पाहिल्या होत्या. तेव्हा मीच उतारे केले होते.

"अर्धमेलीच आणली हुती," असा जबाब निरंजनने पोलिसांना दिला. "व्हय," मी म्हणाले. तो जबाब खोटा आहे.

५. मृत्युपत्र मेल्यावर उघडतात. याची एक प्रत मी उद्याच पोलीस ठाण्यात स्वतः नेऊन देणार आहे. निरंजनने मला काय करायचे ते करावे.

ठिकाण: उरवडे, ता. मुळशी, जि. पुणे
दिनांक: १८ नोव्हेंबर २०२४

रंभाबाई विश्राम ढमाले (सही)

साक्षीदार, दोघांनी माझ्यासमोर आणि मी त्यांच्यासमोर सही केली:
१. सोपान भिवाजी शेडगे, शेजारी (सही)
२. रत्नदीप कांबळे, मयत रेश्माचा नवरा (सही)

दुसऱ्या साक्षीदाराने सही करण्याआधी एक गोष्ट लिहायला लावली, ती मी माझ्या हाताने लिहिते: रेश्मा माझ्या दारात चालत आली होती. चप्पल तिने स्वतः काढून बाजूला ठेवली होती.