फौज हैदराबादला गेली, मी नाही

आई, तू गेलीस त्याला आता बावीस वर्षं होतील. एवढ्या वर्षांत तुला कधी लिहिलं नाही, कारण सांगायचं ते मी भाजी चिरताना तोंडातल्या तोंडात सांगून टाकत होते. पण मागच्या रविवारी घरात जे झालं ते तसं सांगून भागत नाही. म्हणून स्वयंपाकघरात, तू मुखवटे रंगवायचीस त्याच खिडकीखाली, कॉलेजातल्या मुलींच्या जुन्या प्रयोगवह्यांची कोरी पानं घेऊन बसले आहे. बाबा बाहेर पेपर वाचताहेत. चौऱ्याऐंशीचे झाले. वॉकर घेऊन चालतात, अकराला जेवतात, आणि अकराचे सव्वाअकरा झाले की घड्याळाकडे नाही, माझ्याकडे बघतात.

आधी मी काय करते ते तुला सांगायला हवं, कारण हे तुझ्यामागे सुरू झालं. मी सैनिक रंगवते. धातूचे, अंगठ्याएवढे, पाकिटातून येतात तेव्हा राखाडी आणि आंधळे. त्यांना अस्तर द्यायचं, मग अंगरखे, पागोटी, कंबरपट्टे, बुटांवरची धूळसुद्धा. मग टेबलावर हिरवं कापड घालून, थर्माकोलच्या टेकड्या मांडून, पट्टीनं अंतर मोजत आणि फासे टाकत दोघांनी लढाई खेळायची. याची जाडजूड नियमपुस्तकं असतात आणि मोठ्या शहरांत स्पर्धा भरतात. तिथे खेळाचं बक्षीस वेगळं आणि फौज चांगली रंगवल्याचं वेगळं. ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारी बावन्न वर्षांची बाई बाहुल्यांशी खेळते असं आपल्या गल्लीत म्हणतात, आणि त्यात खोटं काही नाही. माझी फौज नागपूरकरांची आहे, जी आपल्या अकोल्याहून दीड तासावर अडगावला इंग्रजांशी लढली आणि हरली. दोनशे माणसं, चाळीस घोडे, सहा तोफा. पाच वर्षं लागली.

रंगवायला तूच शिकवलंस, शिकवायचं म्हणून नव्हे. भाद्रपदाच्या आधी महिनाभर लोक त्यांच्या महालक्ष्म्यांचे उडालेल्या रंगाचे मुखवटे आपल्याकडे आणून टाकायचे. वरण उकळतंय, तू मांडीवर धाकटीला घेऊन बसली आहेस, म्हणजे मुखवट्याला, आणि गालावर हात फिरतो आहे. डोळे तू सगळ्यात शेवटी काढायचीस, श्वास धरून. मी नऊ वर्षांची असेन. डोळे काढून झालेल्या ज्येष्ठेच्या हनुवटीवर मला एक ठिपका राहिलेला दिसला आणि मी मदत म्हणून कुंचला टेकवला. तू माझ्या मनगटावर अशी मारलीस की कुंचला मोरीपाशी गेला. "डोळे उघडल्यावर हात नाही लावाचा वं. आता ती आपली नाही राहिली." आजकाल जगभरातले शहाणे व्हिडिओ करून सांगतात की डोळे आधी रंगवा, चुकलं तर भोवतालच्या कातडीच्या रंगानं झाकता येतं. बरोबर आहे त्यांचं. मी मात्र दोनशेच्या दोनशे सैनिकांचे डोळे शेवटी उघडले आणि नंतर एकालाही हात लावला नाही. त्यातले तिघं तिरळे आहेत.

तोफा ओढणारे बैल तुझ्यासाठीच केले. तुझ्या माहेरचे, धामणगावकडचे पांढरे, पाठीवर जरा राखी झाक असलेले. हौसेच्या भरात मी त्यांच्या अंगावर झुली घातल्या, बाशिंगं बांधली, शिंगं हिंगुळानं लाल केली. अमरावतीचे वकीलसाहेब, ज्यांच्याबरोबर मी खेळते, ते पाहून पोट धरून हसले. "मॅडम, हे बैल लढाईले चालले का पोळ्याले?" मी घरी येऊन झुली आणि बाशिंगं कोरून काढली. लाल शिंगं मात्र ठेवली, कारण तू सांगायचीस की पोळ्याला लावलेला हिंगूळ कार्तिक संपेपर्यंत शिंगांवरून जात नाही, आणि अडगावची लढाई दिवाळी होऊन गेल्यावरची. हे कुठल्या पुस्तकात नाही. पुस्तकं लिहिणाऱ्यांनी बैल धुतले नसतील.

वकीलसाहेब सत्तरीचे, कोर्ट सोडलेलं. रविवारी मी सकाळच्या गाडीनं बडनेऱ्याला उतरते, ऑटोनं अमरावतीत त्यांच्या घरी जाते, त्यांच्या पत्नी जेवणाचं टेबल आम्हाला देऊन स्वतः दिवाणावर जेवतात. ते इंग्रज, मी नागपूरकर. संध्याकाळी परत आले की बाबा विचारतात, "आज कोण जिंकलं?" मी म्हणते, इंग्रज. ते म्हणतात, "अजूनही?" खेळात एक नियम आहे, वकीलसाहेब त्याला धाक म्हणतात. शत्रूची पलटण समोर चार बोटांच्या आत आली की आपल्या पलटणीला बाजूला सरकता येत नाही. सरळ पुढे भिडायचं, उभं राहायचं, नाहीतर सरळ मागे यायचं. एकदा माझे, म्हणजे नागपूरकरांच्या पदरचे, अरब शिपाई तीन डाव जागेवर उभे राहिले आणि तेवढ्यात डावी बाजू कोसळली. शेवटी वकीलसाहेबांनी पट्टी लावली. "हे तर दोन बोटं बाहेर आहेत, मॅडम. तुमी कावून थांबून राहिल्या?" मी म्हटलं, मला वाटलं धाकात आहेत. "वाटून काय होते? मोजाले पट्टी दिली ना." त्या दिवशी मला त्यांचा फार राग आला होता.

रविवारी दिवसभर बाबा घरी एकटेच असतात आणि त्यांचं काही अडत नाही, हे तुझ्या एव्हाना लक्षात आलं असेल. माझ्या आलं नव्हतं. बाबांना चालत नाही, हे वाक्य मी तुझ्याकडून घेतलं. सिनेमाला नाही, बाबांना चालत नाही. मामाकडे राहायला नाही, बाबांना चालत नाही. मी अकरा वर्षांची असताना अमरावतीच्या एका मुलींच्या शाळेतून तुला चित्रकला शिक्षिकेच्या नोकरीचं पत्र आलं. तू ओट्याशी उभी राहून ते दोनदा वाचलंस, घडी करून हळदीच्या डब्यामागे ठेवलंस आणि कणीक मळायला घेतलीस. मी विचारलं, जाणार का. "तुह्या बाबांले चालत नाही," तू म्हणालीस. तेव्हापासून मी बाबांना माफ केलं नाही. संस्कृतचे शिक्षक, सकाळी पूजा, दुपारी शाळा, घरात मोठ्यानं कोणी हसायचं नाही. एवढ्या हुशार बाईला यांनी मुखवट्यांवर बसवून ठेवलं, हे मी मनात घट्ट धरून मोठी झाले. पुण्याचं स्थळ आलं तेव्हा नाही म्हटलं, नागपूरला पीएचडीची जागा मिळाली तेव्हा नाही म्हटलं. कारण विचारलं की उत्तर तयार होतं आणि ते ऐकून बायका हळहळत. हळहळ मला आवडायची, आता लपवून काय करू.

तर हैदराबादची स्पर्धा. जोडीची होती, दोघांनी मिळून एक फौज खेळवायची. वकीलसाहेबांनी आमची दोघांची नावं घातली, तिकिटं काढली. गाडी अमरावतीहून निघून अकोल्यावरूनच जाते, त्यामुळे मी इथेच चढायचं ठरलं. बाबांना सांगताना मी तयारीत होते, वाद घालायच्या. ते म्हणाले, "हैदराबादले? जा ना मग." मी म्हटलं, तुमचं जेवण? "समोरची देईल डबा, मी बोलतो तिच्याशी. तीन दिवसांत काही मरत नाही मी." आणि वॉकर घेऊन खरंच रस्ता ओलांडून गेले, अर्ध्या तासानं घामाघूम होऊन परत आले. "बोललो. पोळ्या जाड करते ती, पण चालते."

आई, मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. दोन दिवस मी सैनिक कापसात गुंडाळत होते आणि एकेक घोडा डब्यात ठेवताना वाटत होतं की आता काहीतरी होईल, बाबांना ताप येईल, ते चिडतील. काही झालं नाही. त्यांनी रक्तातली साखरसुद्धा तपासून घेतली, बरोबर निघाली. आदल्या दिवशी मी वकीलसाहेबांना फोन केला आणि म्हटलं, नाही जमणार, बाबांना चालत नाही, फौज तेवढी घेऊन जा. बाबांना सांगितलं, कॉलेजनं सुट्टी दिली नाही. सकाळी फौजेचा डबा घेऊन स्टेशनवर गेले. गाडी लागली, वकीलसाहेब दारात उभे होते. फौज माझ्या हातातून घेतली आणि माझ्याच बर्थवर ठेवली. "बाबा कसे आहेत?" मी म्हटलं, तसेच. गाडी हलली तेव्हा मला रडू आलं नाही, सुटल्यासारखं वाटलं, आणि प्लॅटफॉर्मवरून बाहेर येईपर्यंत त्या सुटल्यासारखं वाटण्याचीच लाज वाटायला लागली. समोरच्या काकूंचा डबा ठरल्याप्रमाणे तीन दिवस आला. त्याला नाही म्हणायचं माझ्या लक्षात राहिलं नाही. आम्ही दोघांनी त्या जाड पोळ्या समोरासमोर बसून खाल्ल्या आणि बाबा म्हणाले, कॉलेजवाल्यांना काही अक्कल नाही.

मागच्या रविवारी वकीलसाहेब स्वतः अकोल्याला आले. मी पोहे केले. तिकडे त्यांना ऐनवेळी कुणी अनोळखी जोडीदार मिळाला, सगळे डाव हरले, पण रंगकामाचं पहिलं बक्षीस आपल्या फौजेला. एवढीशी लाकडी ढाल. परीक्षकानं बैलांच्या शिंगांवर बोट ठेवून विचारलं होतं की युद्धात बैल कोण रंगवतं. "मी म्हटलं, साहेब, पोळ्याचा हिंगूळ आहे तो, कार्तिकापर्यंत जात नाही. तुमी कधी बैल धुतला काय?" बाबा इतके खूश झाले की काठीसारखे ताठ बसले. "बरोबरच आहे. हिची माय धामणगावकडची. तिले बैलातलं सगळं समजे." मग ढाल हातात घेऊन, अगदी सहज, "मी तर म्हटलंच होतं हिले, जा म्हणून. डबाही लावला होता. कॉलेजवाल्यांनी सुट्टीच नाही दिली."

वकीलसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. चाळीस वर्षं साक्षीदार उलटताना पाहिलेला माणूस, त्याला वेळ लागला नाही. मी पोह्यांच्या बशीतल्या शेंगदाण्याकडे बघत होते. त्यांनी चहा संपवला, कप बशीत ठेवला आणि म्हणाले, "चहा छान झाला मॅडम." जाताना फाटकापर्यंत मी गेले. मला वाटलं, बोलतील, रागावतील. ते फक्त म्हणाले, पुढची स्पर्धा बेंगळुरूला आहे, फॉर्म पाठवतो. मला त्यांनी एक थप्पड दिली असती तर बरं झालं असतं.

ते गेल्यावर मी बाबांना विचारलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. म्हटलं, आईला अमरावतीच्या शाळेतून नोकरीचं पत्र आलं होतं, तेव्हा तुम्ही नाही का म्हणालात? त्यांनी चष्मा काढला. "कोणतं पत्र?" मी सांगितलं, चित्रकलेच्या शिक्षिकेचं. "पत्र आलंच नाही कधी. मी वाट पाहून राहिलो होतो. अर्ज मीच टाकला होता ना तिचा, तिनं भरला अन् मी पोस्टात टाकला." आई, हा माणूस आजही संस्कृतची रूपं चालवून दाखवतो, सगळ्यांच्या तिथी त्याला पाठ आहेत. तो विसरलेला नाही. तू ते त्याला दाखवलंच नाहीस.

मी दोन दिवस तुझ्यावर चिडले होते. एका माणसाला चाळीस वर्षं मी गुन्हेगार धरलं, त्याच्या ताटात मीठ वाढताना मनात शिक्षा वाढली, आणि तू हळदीच्या डब्यामागे पत्र ठेवून कणीक मळत होतीस. मग राग ओसरला, कारण मला कळलं तुला काय झालं असेल. इथे आपण अडकलेल्या मोठ्या कलावंत. तिथे वर्गात चाळीस मुली आणि फळा, आणि हात चुकला तर निमित्त म्हणून कुणाचं नाव घेता येणार नाही. हैदराबादला मी गेले असते तर नुसती एक बाई असते, जिचे फासे नीट पडत नाहीत. घरात राहिले म्हणून बक्षीससुद्धा कसं, बिचारीला येता आलं नाही, अशी हळहळ लावून आलं बघ. तू मला रंग शिकवलेस त्याच हातानं हेही शिकवलंस, आणि यात मी तुझ्याहून हुशार निघाले.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, आणि बाबांच्या हाती तर मुळीच लागू द्यायचं नाही. बेंगळुरूचा फॉर्म काल आला. वकीलसाहेबांनी त्यांचं नाव भरून माझी जागा कोरी सोडली आहे आणि परवापर्यंत कळवा म्हटलं आहे. मी अजून बाबांना विचारलेलं नाही. ते जा म्हणतील.