सुमतीच्या बागेचं फाटक

६ जाने., मंगळ.
जुन्या बागांच्या सहलीचं पत्रक करायला घेतलं. शहापूरचा बंगला, मुरबाडच्या देवळामागची फुलबाग, शेवटी धसईला सुमतीची बाग आणि जेवण. तारीख रथसप्तमीची. जमतील ते पैसे डोळखांबच्या मुलींच्या वसतिगृहाला. कडेला गुलाब काढला. सुमतीचे यजमान, भाऊ, माझा गुलाब बघून दरवर्षी म्हणायचे, "कोबी छान आलाय हो यंदा." यंदा कोण म्हणणार. श्रावणात गेले.
धसईला फोन केला. उचलला सुनेनं, रंजनानं. "मावशी, आईंनी बागेच्या फाटकाला कुलूप घातलंय. कोनाला आत सोडत नायत."
कुलूप! त्या फाटकाला कधी कडीसुद्धा नव्हती.

९ जाने.
धसईला जाऊन आले. सु. ओटीवर तांदूळ निवडत होती. मागे कुंद पांढरा झालाय आणि ही त्याच्याकडे पाठ करून.
"वर्ष झालं नाही. आमच्यात सण करत नाहीत."
सहल म्हणजे सण नव्हे, म्हटलं.
"फाटकात बायकांना हळदीकुंकू कोण लावायचं? मीच ना? आता कुठल्या तोंडानं उभी राहू?"
फार तर रंजना उभी राहील, मी आत बसेन, म्हणे. नाहीतर यंदा बाग नाही. स्वतःच्या बागेत चोरासारखी लपणार! मी जे बोलले ते इथे लिहीत नाही. चहा दोघींनी दोन दिशांना बघत प्यायला.

११ जाने., रवि.
दिवसभर जुनंच आठवतंय. पहिल्या वर्षी पत्रकं वाटून वाटून पाय दुखले, आणि आल्या मूठभर बायका. सु. म्हणाली, "नुसत्या झाडांना कोण येतं? हळदीकुंकवाला बोलावू. वाण म्हणून रोप देऊ." मी हसले होते. बाग म्हणजे लांबून बघायची, एवढंच शाळेत शिकलेली. आमच्या कॉन्व्हेंटच्या बागेत क्रोटनसुद्धा आमच्यासारखे रांगेत उभे असायचे, आणि हात लावला की सिस्टरची पट्टी. दुसऱ्या वर्षी बसमध्ये उभं राहायला जागा नव्हती. भाऊ आमराईत पुढे. प्रत्येक आंब्याची वंशावळ, मध्ये थापा. "हा आंबा कलेक्टरनं चोरून नेला होता, परत आणून लावला." बायका खऱ्याच मानायच्या.
मी तेव्हाही एकटीच होते, हे गेल्यानंतरची. कुंकू लावून होईपर्यंत पावत्यांच्या टेबलाशी मान खाली घालून बसायचं. मग सु. ओंजळभर कुंद आणून द्यायची. "हे तुझं."
काही वाटत नाही, असं इतकी वर्षं म्हणत आले. वाटायचं.

१४ जाने., संक्रांत
सकाळी ग्रुपवर टाकलं: यंदा सहलीत हळदीकुंकू नाही. सर्व भगिनींना फूल. फार बरं वाटलं. दुपारपर्यंत.
किन्हवलीच्या मंदाचा फोन. "हळदीकुंकू नाय तर येऊन काय करू गो मावशी? झाडं आमच्या दारात पन हायेत." तिच्यामागून बाकीच्या. कुणाची भाची आली, कुणाचा गुडघा.
संध्याकाळी सु. "माझ्या दारातलं हळदीकुंकू रद्द करणारी तू कोण? मला विचारलंस?"
"तू मला विचारलं होतंस? इतकी वर्षं टेबलाशी बसवलंस ते?"
 फोन कुणीच ठेवला नाही. तिच्याकडचा कुत्रा भुंकत होता तेवढा ऐकत बसले.

१७ जाने.
रंजनाचा फोन. "काय बोललात तुमी आईंना? सकालपासून बागेत हायेत. कुंदाखाली झाडतायत."
कुलूप काढलं?
"नाय. आतून लावलंय."
मग: "आई बोलल्या, बायकांना कलवा. हळदीकुंकू हाय."
लावणार कोण?
"ते नाय बोलल्या."
कळवलं. गुडघे तासाभरात बरे झाले.

२५ जाने., रवि.
आत्ताच आले. पाय भरून आलेत, पण लिहून टाकते.
फाटक सताड उघडं. रंजना तबक घेऊन उभी आणि तिच्या शेजारी सु., फुलांची परडी घेऊन. मोकळं कपाळ, इस्त्रीचं लुगडं. रंजना कुंकू लावत होती, ही फूल देत होती. मंदा तिच्यासमोर जरा अडखळली. मग म्हणाली, "काकू, बाग काय राखलीय तुमी!" मागची रांग पुढे सरकली.
आमराईत माहिती सु.नंच दिली. भाऊंच्याच शब्दांत. कलेक्टरचा आंबासुद्धा सोडला नाही. मी जरा लांब जाऊन उभी राहिले.
बायका बसकडे गेल्यावर ती तबक घेऊन आली. कुंकू उरलं होतं. माझ्यासमोर थांबली.
"लावू?"
ज्यासाठी मनात इतकी वर्षं भांडत आले तेच समोर होतं. एरवी जीभ आवरत नाही माझी. मी म्हटलं, "आधी चहा टाक."
टाकला. प्यायलो. या वेळी एकाच बाकावर.
निघताना म्हणाली, "तबक तुळशीपाशी ठेवलंय. कधी येतेस ते सांग."
बसनं हॉर्न दिला. मी नुसता हात केला.