खाली माणूस आहे

ता. ९ फेब्रुवारी, सोमवार

प्रिय दादा,

नमस्कार. तुमच्या छावणीकडची थंडी आता ओसरली असेल. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत.

हे वरचं वाक्य सवयीने लिहून गेले. खोडायला हात उचलत नाही. तांबड्या गाईला कालवड झाली. गहू पोटरीत आलाय, ओंब्या आता बाहेर पडतील. तुझा फोन लागत नाही. पोस्टमन म्हणाला, पत्र नक्की पोचेल.

दादा, आबा गेले. गुरुवारी.

आजारी नव्हते रे. सकाळी दाढी केली, अंथरुणाची चौकोनी घडी घातली, "पलटण, चला" म्हणत कोंबड्या बाहेर सोडल्या. लढाईत पायाला गोळी लागून घरी आले, तेव्हापासून लंगडत का होईना, दोन गड्यांचं काम एकटे उरकायचे. त्या दिवशीही गोठा, वैरण आटोपून कुंपण बांधत होते.

दुपारी पलीकडून ओरडा ऐकू आला. बांधावरचे काका, ज्यांच्याशी बांधाच्या भांडणापायी आपलं बोलणंच तुटलेलं, ते त्यांच्या विहिरीत पडले होते. पाणी उपसायचं इंजिन आतच चालू ठेवून खाली गाळ काढत होते. धूर कोंडला आणि ते तळाशी कोसळले. माणसं जमली होती, पण उतरायला कुणी तयार होईना. इंजिन बंद पडायची, धूर ओसरायची वाट न बघता आबांनी दोर मागितला.

आईने त्यांचा दंड धरला. "अहो, कुणासाठी उतरताय? विसरलात का सगळं?"

"खाली माणूस आहे," एवढंच म्हणाले.

तोंडाला ओलं फडकं बांधून पायऱ्यांनी उतरले. काकांच्या काखेतून दोर घालून गाठ मारली, हिसका देऊन खूण केली. आम्ही ओढलं. काका वर आले, खोकत. दोर पुन्हा खाली सोडला. हाका मारमारून माझा घसा बसला, पण दोर सैलच राहिला.

आई रडलेली नाही. त्याच संध्याकाळी तिने त्यांच्या अंघोळीचं पाणी तापत ठेवलं. मी उतरवायला गेले तर म्हणाली, "असू दे, येतीलच."

एक गोष्ट त्यांनी तुला सांगू दिली नव्हती. तू भरती व्हायला निघालास तेव्हा ते दारात आले नाहीत, हा सल तुझ्या मनात आहे, मला ठाऊक आहे. ते गोठ्यात होते, गाईच्या मानेवर कपाळ टेकून. मला म्हणाले, "मी जे पाहिलं, ते माझ्या पोराला दिसू नये गं."

काल काका आले. उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. "वहिनी, मला शिव्या द्या, काहीतरी बोला."

आईने कोपऱ्यातलं फावडं त्यांच्यापुढे ठेवलं. मग म्हणाली, "आमच्या गव्हाला पाणी द्यायचं राहिलंय."

आज सकाळपासून काका आपल्या गव्हात वाकून पाणी देताहेत. इथून त्यांची पाठ दिसते. बघवत नाही, आणि नजरही हलत नाही.

रजा मिळेल तसा निघून ये. आई तुझ्यापाशी तरी रडेल.

आता घरात मोठा तूच.

तुझी,
धाकटी