भिजत घातलेले बूट

१२ डिसेंबर १९८७, शनिवार
अंबरनाथ पूर्व

उद्या सकाळी मेधाची जिल्हा संघासाठी निवड चाचणी, आणि आज संध्याकाळी तिने खेळायचे बूट बादलीत भिजत घातले. धुवायला म्हणे! मला काय कळत नाही?

निवड समितीत यांचं नाव आहे हे तिला आजच कळलं. बास्केटबॉलमध्ये यांचा दबदबा अजून आहे. मैदानावर तिला मेधा कोणी म्हणतच नाही, ‘प्रधानांची मुलगी’ म्हणतात. दुपारी जेवताना स्पष्टच म्हणाली, “बाबा, तुम्ही टेबलावर बसलात तर मी उतरणार नाही. घरचंच सिलेक्शन म्हणतील.”

“आणि नाही बसलो तर? पोरीला येत नाही म्हणून बाप पळाला म्हणतील.”

“म्हणू देत. मला येतं.”

ताट सोडून उठली. मी तिलाच रागावले. चूक तिची होती का पण?

आणि मग ते बूट. वर्षभराची मेहनत बादलीत.

दिवेलागणीला हे मोरीत गेले. बूट पिळले, जुने पेपर चुरगळून आत कोंबले. मला म्हणाले, “स्टोव्हजवळ ठेवू नकोस, रबर सुटतं.” मग आवाज चढवून, तिला ऐकू जाईल असं, “उद्या मी सोनिवलीला जातोय. नव्या बिल्डिंगा बघून येतो. समितीला कळवलंय.”

आम्हाला घर बदलायचं नाही, हे तिघांनाही ठाऊक आहे.

थोड्या वेळाने आतून मेधाचा आवाज आला, “बाबा, डबा नेणार का?”

बूट अजून ओलेच आहेत. पहाटे उठून आतले कागद बदलायला हवेत.