डोळ्यांवरचा रंग हळूच पूस

ताई,

डोळ्यांवरचा रंग तेल लावून कापसाने हळूच पूस. नखांवरची फुलं खरवडू नकोस, नखं सोलतील.

तुझ्या होणाऱ्या सासूबाईंनी कौतुकाने विचारलं, "हे डोळे, ही नखं कुणी गं रंगवली?" आणि तू माझ्यादेखत म्हणालीस, "एक पार्लरवाली येते घरी." मी पाण्याचे ग्लास घेऊन तिथेच उभी होते. आईने पोह्यांची बशी त्यांच्यापुढे सरकवली.

नवऱ्याला सोडून आलेली बहीण दिसली, तर तुझं जमलेलं फिसकटेल, हे मला कळतं गं. आधी सांगितलं असतंस, तर मी आपणहून आत बसले असते.

मी मावशीकडे राहायला जातेय. लग्नाच्या दिवशी दुसरी कुणी बघ. तुझ्या पापणीवर रेघ ओढताना माझा हात आता स्थिर राहायचा नाही.

धाकटी